नौकावासाचे साहित्य आणि यजमान बेटे : वांगणीहून केलेले एक वाचन

गोषवारा

शिडाच्या लहान नौकेलाच घर मानून उष्ण कटिबंधातील बेटांमधून वर्षानुवर्षे फिरणाऱ्यांनी लिहिलेले अनुभवकथन हा पाश्चात्त्य साहित्यातील एक रुजलेला वाङ्मयप्रकार आहे. प्रस्तुत लेखात त्याला ‘नौकावासाचे साहित्य’ असे म्हटले आहे. या साहित्यात पाणी, अन्न आणि वारा यांचा हिशोब जितका काटेकोर असतो, तितका यजमान बेटांवरील माणसांचा नसतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. जव्हार तालुक्यातील वांगणी हे स्वतःच पाहुण्यांच्या लेखनाचा विषय झालेले गाव. त्या परिसरातून हे साहित्य वाचताना कोणते प्रश्न उभे राहतात, याची चर्चा येथे केली आहे. पालघर जिल्ह्यातील खलाशांच्या अलिखित नौकावासाकडेही लेखाच्या अखेरीस लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : नौकावास, प्रवासवर्णन, बेट, यजमान, पाणी, चागोस, खलाशी, वांगणी.

१. प्रस्तावना

पदवीच्या वर्गात प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार शिकवताना प्रस्तुत लेखकाने एकदा नौकावासाच्या साहित्याची ओळख करून दिली. तीस-पस्तीस फुटांची नौका, तिच्यात नांदणारे जोडपे, टाकीतील मोजके पाणी, नारळीची बेटे आणि नांगर टाकून शेजारी उभ्या असलेल्या इतर नौका असे ते वर्णन होते. जव्हारच्या एका पाड्यावरून येणाऱ्या विद्यार्थिनीने त्यावर शंका विचारली. बेटावरच्या विहिरीचे पाणी या लोकांना कोणी भरू देते का, आणि उन्हाळ्यात ती विहीर आटत नाही का, असा तिचा प्रश्न होता. या साहित्याविषयीच्या समीक्षेत वारा, एकांत, स्वातंत्र्य, निसर्ग या संकल्पनांची भरपूर चर्चा आढळते. परंतु विहिरीच्या मालकाच्या बाजूने विचारलेला हा साधा प्रश्न त्या चर्चेत सहसा येत नाही. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

२. मराठी मनातील बेट

नौकावासाचे साहित्य मराठीत रुजले नाही. समुद्रप्रवासाचे लेखन मात्र मराठीत आहे. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ १८८३ सालचा आहे. समुद्र ओलांडणे हेच त्या काळी सामाजिक बंड होते. पुढे परदेशप्रवासाचे विपुल लेखन झाले, पण त्यात जहाज हे इच्छित स्थळी पोहोचण्याचे साधन राहिले. अनंत सामंत यांच्या ‘एम. टी. आयवा मारू’ या कादंबरीने जहाजावरील जीवनाचे दर्शन घडवले. ते जीवन मात्र नोकरीच्या निमित्ताने स्वीकारलेले, व्यापारी जहाजावरचे होते.

बेट या शब्दाचे मराठीतील भावविश्वही वेगळे आहे. ‘जंजिरा’ हा शब्द मुळात अरबीतील बेटवाचक शब्दावरून आला आणि मराठीत तो समुद्रातील किल्ल्याला लागला. अंदमान म्हटले की मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ आठवते. १९११ साली अंदमानात पोहोचलेल्या सावरकरांच्या ‘माझी जन्मठेप’ने तो अर्थ कायमचा पक्का केला. म्हणजे मराठी मनात बेट हे एक तर वेढा घालण्याचे ठिकाण आहे किंवा कोंडले जाण्याचे. नारळीच्या सावलीत निवांत पडून राहण्याचे स्थळ ही बेटाची प्रतिमा आपल्याकडे बाहेरून आली आणि मुख्यतः पर्यटनाच्या जाहिरातींनी आणली. त्यामुळे नौकावासाचे साहित्य वाचताना मराठी वाचकापाशी एक उपयुक्त अंतर असते. त्या अंतराचा समीक्षेसाठी उपयोग करून घ्यावा, अशी येथे भूमिका आहे.

३. नौकेतील संसार : मोजमापाचे वाङ्मय

या वाङ्मयप्रकाराचा आरंभ सामान्यतः जोशुआ स्लोकम यांच्या ‘सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड’ (१९००) या ग्रंथापासून मानला जातो. ‘स्प्रे’ ही जेमतेम ३७ फुटांची नौका स्वतःच्या हातांनी नव्याने बांधून ते २४ एप्रिल १८९५ रोजी बोस्टनहून निघाले आणि सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून जून १८९८ मध्ये परतले. फुटलेल्या तबकडीचे एक पत्र्याचे घड्याळ त्यांनी घासाघीस करून एका डॉलरला घेतले. तेवढ्या एका घड्याळावर त्यांनी कालगणना केली. स्लोकम एकटे होते. पुढील काळात या साहित्यात संसार आला. लिन व लॅरी पार्डी या दांपत्याने सुमारे २४ फुटांच्या, इंजिन नसलेल्या ‘सेराफिन’ या नौकेवर ११ वर्षे काढली. ‘क्रूझिंग इन सेराफिन’ (१९७६) या त्यांच्या पुस्तकाने लहान नौका, साधी राहणी आणि विलंब न लावता निघणे हा विचार अनेकांपर्यंत पोहोचवला.

या ग्रंथांतील सर्वांत विश्वसनीय भाग गृहव्यवस्थेचा असतो. पिण्याच्या पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजला जातो. भांडी खाऱ्या पाण्याने घासून शेवटी गोड पाण्याचा हात फिरवायचा, शिडाखाली कापड ताणून पावसाचे पाणी धरायचे, अंडी, कांदे, डाळी कशा टिकवायच्या, दिव्यासाठी किती वीज खर्च करायची, याचा तपशील पानोपानी येतो. चक्रीवादळांचा हंगाम कोणत्या बंदरात काढायचा हा तर संपूर्ण वर्षाच्या आखणीचा कणा असतो. दक्षिण पॅसिफिकमध्ये साधारण नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ धोक्याचा. त्यामुळे पनामाहून मार्केसास, तुआमोतू, ताहिती, टोंगा असा बेटांचा माग काढत आलेल्या नौका त्यापूर्वी न्यूझीलंडकडे वळतात.

हे लेखन मध्यमवर्गीय उधळपट्टीवरचे भाष्य म्हणून वाचता येते. किती कमी वस्तूंत माणूस समाधानाने राहू शकतो, याचा तो प्रामाणिक प्रयोग आहे. तथापि हा प्रयोग स्वेच्छेचा आहे, हे विसरता येत नाही. टंचाई अंगावर घेणाऱ्याला ती केव्हाही संपवता येते. नौका विकून घरी परतण्याचा मार्ग त्याला खुला असतो. जव्हार-मोखाड्यातील स्त्री एप्रिल-मे महिन्यांत दोन हंडे पाण्यासाठी डोंगर उतरते तेव्हा तीही पाण्याचा थेंबन्‌थेंब मोजते. तिच्या त्या मोजण्याला मात्र कोणी साधेपणाचे तत्त्वज्ञान म्हणत नाही. ज्या परिसरात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि मोखाड्याच्या हद्दीला लागून असलेल्या मध्य वैतरणा धरणाचे पाणी मुंबईला जाते, त्याच परिसरात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मोजणे एकच असले तरी एकीकडे ते जीवनशैली ठरते आणि दुसरीकडे प्रशासकीय समस्या. हा फरक पाण्याचा नसून निवडीच्या अधिकाराचा आहे.

४. नांगरवाड्याचा शेजार

नौकावासी मंडळींचे परस्परसंबंध हा या साहित्याचा दुसरा महत्त्वाचा आशय. एखाद्या सुरक्षित खाडीत पाच-दहा नौका नांगर टाकून उभ्या राहिल्या की तेथे एक तात्पुरती वाडी वसते. सकाळी ठरलेल्या वेळी रेडिओवर सगळे एकमेकांची विचारपूस करतात. हवामान, सुटे भाग, आजारीपण, पुढचा मुक्काम यांची देवाणघेवाण होते. संध्याकाळी कोणाच्या तरी नौकेवर किंवा किनाऱ्यावर प्रत्येकाने आणलेला एकेक पदार्थ घालून सहभोजन होते. वाचून झालेली पुस्तके एका नौकेवरून दुसरीवर जातात. कोणाचा नांगर रात्री घसरला तर शेजारी न बोलावता धावून येतात. राष्ट्र, धंदा, हुद्दा यांना या वाडीत फारसे महत्त्व नसते आणि माणसे एकमेकांना बहुधा नौकेच्या नावाने ओळखतात.

या शेजारधर्माचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु समीक्षकाने एक निरीक्षण नोंदवले पाहिजे. ही वाडी बेटाच्या पुढ्यात वसत असली तरी तिचे सभासद बहुतांशी एकमेकांचेच शेजारी असतात. बेटावरील माणसे मासे, फळे किंवा कोरीव वस्तू घेऊन होडीने येतात, हसतात, मदत करतात आणि पानाआड होतात. नौकावाश्यांची नावे, स्वभाव, पूर्वेतिहास आपल्याला कळतो. यजमानांच्या वाट्याला पुष्कळदा ‘प्रेमळ’ आणि ‘साधेभोळे’ ही दोनच विशेषणे येतात. मराठी ग्रामीण साहित्याच्या समीक्षेला ही विशेषणे अपरिचित नाहीत. आदिवासींविषयी बाहेरच्यांनी लिहिलेल्या मजकुरात ती आजही भेटतात.

५. यजमान बेट : तीन उदाहरणे

याबाबतीत सर्व लेखकांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. स्लोकम यांच्या ग्रंथात दोन्ही प्रवृत्ती आहेत. तिएरा देल फ्वेगोच्या परिसरात रात्री नौकेवर चढणाऱ्या स्थानिकांसाठी त्यांनी डेकवर टोकदार चुका पसरून ठेवल्या आणि अनवाणी पायांत त्या घुसल्याचा प्रसंग विनोदाने सांगितला. वाचक त्या विनोदात सहभागी होतो आणि पायांचा विचार करीत नाही. ज्यांच्या सामुद्रधुनीत ही नौका शिरली होती, त्या लोकांची बाजू तेथे येतच नाही. याउलट हुआन फर्नांदेस बेटावर ते लोकांना तळलेले गोड वडे करायला शिकवतात, तर कोकोस-कीलिंग बेटांवरील मुलांच्या थट्टामस्करीचा ते स्वतःच विषय होतात. जेथे लेखकावर हसण्याचा अधिकार यजमानाला मिळतो, तेथे लेखन उंच जाते, असे यावरून म्हणता येईल.

दुसरे उदाहरण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे. १८८८ साली ‘कॅस्को’ या भाड्याच्या नौकेतून ते पॅसिफिकमधील बेटे पाहायला निघाले आणि अखेर सामोआत स्थायिक झाले. तेथील भाषा, कुळे, वसाहतवादी सत्तांचे डावपेच त्यांनी समजून घेतले आणि ‘अ फूटनोट टू हिस्टरी’ (१८९२) या पुस्तकात त्या सत्तांच्या कारभारावर टीका केली. १८९४ मध्ये त्यांचे निधन सामोआतच झाले. स्टीव्हन्सन यांच्या लेखनात गुणात्मक बदल घडला, तो पाहुणेपण संपल्यानंतर. बेर्नार म्वातेसिए या फ्रेंच नाविकाचेही असेच. १९६८-६९ च्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शर्यतीतून माघार घेऊन तो ताहितीला गेला आणि पुढे काही काळ आहे या प्रवाळबेटावर राहून तेथे लागवडीच्या खटपटीत पडला. मातीशी संबंध आला की बेट हे केवळ दृश्य राहत नाही.

तिसरे उदाहरण चागोस द्वीपसमूहाचे. मालदीवच्या दक्षिणेला सुमारे ५०० किलोमीटरवरील ही बेटे आपल्याच महासागरातली. ब्रिटनने १९६५ साली ती मॉरिशसपासून वेगळी केली आणि दिएगो गार्सिया येथील अमेरिकी लष्करी तळासाठी १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना मॉरिशस व सेशल्सकडे हलवले. त्यांच्या माघारी सालोमन प्रवाळबेटांच्या शांत खाजणात नौकावासी येऊ लागले. बोडॅम बेटाच्या आडोशाला अनेक नौका महिनोन्‌महिने नांगर टाकून असत. पुढे परवाने, शुल्क आणि मुक्कामाची मर्यादा आली, पण नौकांना परवाना मिळत राहिला. ज्यांची पडकी घरे, चर्च आणि थडगी त्या बेटावर होती त्यांना मात्र परतण्याची मुभा नव्हती. २००६ मध्ये सुमारे शंभर चागोसवासीयांना पूर्वजांच्या थडग्यांचे दर्शन घेण्यासाठी जहाजाने नेण्यात आले, तेही अल्प भेटीपुरते. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा तेथील कारभार बेकायदेशीर असल्याचे सल्लामत दिले आणि मे २०२५ मध्ये ब्रिटन व मॉरिशस यांनी सार्वभौमत्वाच्या हस्तांतरणाचा करार केला.

नौकावासी मंडळींनी कोणाला विस्थापित केले नाही, हे खरे. तरीही ‘निर्मनुष्य स्वर्ग’ हे त्या बेटांचे वर्णन वाचताना ते निर्मनुष्य कोणी केले हा प्रश्न टाळता येत नाही. वर्णनातील शांतता ही निसर्गाची नसून रिकाम्या केलेल्या गावाची असते. धरणाखाली गावे गेलेल्या प्रदेशातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या विहिरीकडे वळता येईल. सखल प्रवाळबेटांवर नद्या नसतात. पावसाचे पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र थरात झिरपते आणि खाली असलेल्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत राहतो. विहिरीतून गरजेपेक्षा जास्त उपसा झाला किंवा पाऊस लांबला तर ती विहीर खारट होते. म्हणजे विहीर आटते का, हा प्रश्न अगदी योग्य होता. नौकेच्या टाकीचा हिशोब लिहिणाऱ्या लेखकाने ज्या विहिरीवर ती टाकी भरली तिचाही हिशोब लिहावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

६. वांगणीहून पाहताना

या वाचनाचे स्थळ योगायोगाचे नाही. १९९२ साली ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रभर पोहोचले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. स्वतंत्र पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या वर्षी आणि नंतरही मंत्री, अधिकारी, पत्रकार, संस्थांचे कार्यकर्ते, अभ्यासक येथे येऊन गेले. त्यांच्यापैकी अनेकांनी कळकळीने लिहिले आणि त्या लेखनामुळे शासनाला जाग आली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण त्या लेखनात गावाची ओळख एका आकड्यापुरती उरली. येथील नागली-वरईची शेती, तारपा, बोहाडा, लग्नातील गाणी, पाड्यापाड्यांतील नाती या गोष्टी त्या वृत्तांतांच्या परिघाबाहेर राहिल्या. गाडी आली, थांबली, टिपणे झाली, गाडी गेली. ओढे भरले की वाट तुटणाऱ्या डोंगरातील पाड्यांसाठी प्रत्येक गाडी ही किनाऱ्याला लागलेली नौकाच असते.

म्हणून वांगणीच्या परिसरातील विद्यार्थी नौकावासाचे साहित्य वाचतो तेव्हा तो नकळत बेटावरच्या माणसाच्या जागी उभा राहून वाचतो. विद्यापीठीय समीक्षेने ही जागा वाचनाची एक अधिकृत भूमिका म्हणून मान्य करावयास हवी. लेखकाच्या अनुभवाशी समरस होणे हा आस्वादाचा एक मार्ग झाला. लेखक ज्याच्या दारात उभा आहे त्याच्या नजरेने लेखकाकडे पाहणे हा दुसरा मार्ग होय, आणि आपल्या वर्गांतून तो अधिक फलदायी ठरतो, असा अनुभव आहे.

७. न लिहिलेला नौकावास

नौकानयनाच्या आधुनिक इतिहासाशी आपल्या प्रदेशाचे नाते दृढ आहे. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली नौका ‘सुहेली’ ही मुंबईत सागवानात बांधली गेली आणि तिच्यातून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी २२ एप्रिल १९६९ रोजी ती प्रदक्षिणा पूर्ण केली. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने कमांडर दिलीप दोंदे हे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातील दिवाडी येथे रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. दोंदे यांच्या ‘द फर्स्ट इंडियन’ या इंग्रजी पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की, समुद्रावरील दिवसांइतकेच महत्त्व त्यात नौका उभी करण्याच्या खटाटोपाला मिळाले आहे. बांधणारे हात पुस्तकात दिसतात, ही त्याची जमेची बाजू.

तथापि पालघर जिल्ह्यात नौकेवर राहणारा माणूस शोधायचा तर तो डहाणू-तलासरीच्या पाड्यांत सापडतो. येथील आदिवासी तरुण उचल घेऊन गुजरातमधील पोरबंदर, ओखा, वेरावळ येथील मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून जातात. मासेमारीबंदी उठल्यापासून पुढच्या मे अखेरपर्यंत त्यांचा हंगाम चालतो. एका फेरीत पंधरा-वीस दिवस जमीन दिसत नाही. पाणी मोजून, जागा मोजून, झोप मोजून राहणे त्यांच्याही वाट्याला येते. तांडेलाच्या हुकमाखाली सात-आठ जणांचा संसार एका नौकेवर चालतो. एकमेकांचे जेवण, आजारपण, भांडण, विनोद हे सारे तेथेही असते. नकळत सागरी सीमा ओलांडली गेली तर पाकिस्तानी यंत्रणा नौका पकडते आणि खलाशी कित्येक वर्षे कराचीच्या तुरुंगात राहतो. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या देतात. अनेक खलाशांचे नाव समुद्राच्या संदर्भात लिहिले जाते ते बहुधा या यादीत.

एकाच समुद्रावरचे हे दोन नौकावास. एकाचे ग्रंथ झाले, दुसऱ्याची यादी झाली. दुसऱ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही असे नव्हे, तर त्याला लिहायला वेळ, भाषा आणि विचारणारा कोणी मिळाला नाही. जव्हार-मोखाड्यातून दिवाळीनंतर वीटभट्टीवर, रेतीबंदरावर आणि बांधकामांवर जाणाऱ्या कुटुंबांबाबतही हेच म्हणावे लागते. तेही सहा-सात महिने परक्या दारात संसार मांडतात.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) नौकावासाच्या साहित्याचे खरे सामर्थ्य निसर्गवर्णनात नसून काटकसरीच्या तपशिलात आणि नौकावाश्यांच्या परस्परसाहाय्यात आहे.

(२) या साहित्याची मर्यादा यजमानाच्या अनुपस्थितीत आहे. स्टीव्हन्सन यांच्यासारखा लेखक पाहुणेपण सोडतो तेव्हा ही मर्यादा ओलांडली जाते.

(३) स्वेच्छेची टंचाई आणि लादलेली टंचाई यांत भेद न करणारी समीक्षा अपुरी आहे.

(४) मराठी मनातील बेटाची वेगळी प्रतिमा आणि आदिवासी भागातील वाचकाची यजमानाची भूमिका या दोन्ही गोष्टी या साहित्याच्या पुनर्वाचनासाठी उपयुक्त आहेत.

(५) पालघर जिल्ह्यातील खलाशांच्या आणि स्थलांतरित कुटुंबांच्या अनुभवकथनांचे संकलन हे परिसरातील महाविद्यालयांचे तातडीचे काम आहे. त्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. ज्यांचे भाऊ आणि वडील हंगामाहून परततात असे विद्यार्थी आपल्या वर्गांत बसलेले आहेत. मे महिन्याच्या अखेरीस नौका किनाऱ्याला लागतात आणि जूनमध्ये महाविद्यालये उघडतात. भाषा विभागांनी आपल्या प्रकल्पांची आखणी या दोन तारखा जुळवून केली, तर पुढील काही वर्षांत नौकावासाच्या साहित्याला एक मराठी, आणि वारली व कोकणा बोलींमधलाही, अध्याय जोडला जाईल. त्यातील विहिरीचा हिशोब त्या विद्यार्थिनीने तपासावा.